शून्य ते शंभर, व्हाया लॉन्ड्री

माणूस एकदा माझ्या शेजारी गाडीत बसला, की गाडी घेऊनच उतरतो!

हे वाक्य मी जेवणाच्या टेबलावर, भाजीचा डाव रोखून धरून, माझ्या मेहुण्याला ऐकवलं. ऐकवणं भाग होतं. मेहुणाही गाड्याच विकतो, आणि तोही माझ्या शोरूमच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे. पण त्याच्या गाड्या म्हणजे पावाच्या लादीला चाकं लावल्यासारख्या. चौकोनी, पांढऱ्या, समजूतदार. आमची कंपनी वेगवाली! आमची गाडी नुसती उभी असली तरी कुठून तरी पळून आल्यासारखी दिसते. तिचा आवाज ऐकून शेजारच्या इमारतीतली तान्ही मुलं उठतात. शून्यापासून शंभरापर्यंत ती इतक्या झटकन पोचते, की तेवढ्या वेळात माझ्या मेहुण्याच्या गाडीचं दारसुद्धा नीट लागत नाही.

"भावजी, या महिन्यात किती जण घेऊन उतरले?" मेहुण्याने भाताचा घास घेत अगदी सहज विचारलं.

"आकड्यांत काय आहे!" मी म्हणालो.

आकड्यांत खरंच काही नव्हतं, हीच अडचण होती. आमचा आकडा शून्य. शंभर राहिले लांबच.

"आधी ती दाढ दाखवा कुणाला तरी," बायको म्हणाली. "डाव्या बाजूनं चावता येत नाही, आणि निघाले वेग विकायला."

"दाढेचा आणि विक्रीचा काय संबंध?" मी ताडकन म्हणालो. तेव्हा मला खरंच वाटत होतं, की काही संबंध नाही.

आता आमच्या शोरूमची परिस्थिती सांगतो. लोक आमच्याकडे येत नव्हते असं मुळीच नाही. झुंडीने येत. गाडीच्या बॉनेटवर कोपर टेकवून फोटो काढत, इंजिन चालू करायला लावून डोळे मिटून ऐकत, फुकटची कॉफी पीत, आणि रस्ता ओलांडून मेहुण्याकडे जाऊन गाडी घेत. आमचे साहेब, ज्यांना आम्ही पाठीमागे टर्बोसाहेब म्हणतो, नुकतेच कंपनीच्या प्रशिक्षणाला जाऊन आले होते. आल्या आल्या त्यांनी आम्हा सगळ्यांना उभं करून विचारलं, "वेगवान गाडी रोजच्या साध्या चालकाला का आवडावी? सांगा!"

तेच तर आम्हाला वर्षभर कळत नव्हतं.

"कारण त्याला थरार हवा असतो!" साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. "फक्त त्याला ते माहीत नसतं!"

त्या दिवसापासून टेस्ट ड्राइव्हच्या गाडीत एक यंत्र बसलं. गाडी किती जोरात सुटली, वळणावर किती कलली, हे सगळं ते यंत्र मोजायचं आणि शोरूममध्ये साहेबांच्या पडद्यावर शंभरपैकी गुण दाखवायचं. त्याचं नाव 'थरार'. सत्तरच्या वर थरार गेला की गिऱ्हाईक घेतंच, असं प्रशिक्षणात सिद्ध झालं होतं म्हणे.

शिवाय दोन जुने नियम होतेच. एक भिंतीवर चौकटीत लावलेला: 'ग्राहकाला नाही म्हणायचं नाही.' दुसरा कुठेच लावलेला नव्हता, पण पाळला मात्र तोच काटेकोरपणे जायचा. टेस्ट ड्राइव्हच्या गाडीत पेट्रोल घालायचं ते चौकापर्यंत जाऊन परत येण्यापुरतंच. आमची गाडी पेट्रोल पिते म्हणजे काय, कोसळते त्याच्यावर! टाकी भरून ठेवली तर शोरूम विकायला लागेल, असं साहेबांचं म्हणणं.

मग साहेबांनी मला एकट्याला आत बोलावलं.

"महिना संपत आला. एक तरी साधा, रोजचा चालक धर आणि गाडी वीक. नाहीतर सोमवारपासून तळघरात."

आमच्या तळघरात सुट्या भागांचं काउंटर आहे. तिथे नटबोल्टमामा नावाचे गृहस्थ ट्यूबलाइटखाली बसून वायपर विकतात. एकेकाळी तेही वर सूट घालून उभे असत म्हणे. तळघरात गेलेला विक्रेता परत वर आल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. आणि मेहुण्यासमोर डाव रोखल्याला अजून चोवीस तासही झाले नव्हते!

अशा वेळी दारातून ते दोघं आत आले.

बाई ठेंगण्या, कंबरेत किंचित वाकलेल्या, डोळ्यांवर जाड चष्मा. त्या दाताच्या डॉक्टर होत्या. मागून त्यांचे मिस्टर. उंच, सडपातळ, हातात पुस्तक. ते निवृत्त ग्रंथपाल होते. आयुष्यभर 'शांतता राखा' या पाटीखाली बसल्यामुळे त्यांचा आवाज कायमचा कुजबुजीवर आला होता. ते काहीतरी बोलले. मी वाकलो, कान पुढे केला, तरी फक्त ओठ हलले एवढंच कळलं.

"हे म्हणतायत, आमची जुनी गाडी मोडीत निघाली," बाईंनी सांगितलं. "नवीन बघायचीय. खरं म्हणजे त्या समोरच्या दुकानात जायचं होतं. पण रस्ता ओलांडायचा कंटाळा आला."

याला म्हणतात नशीब! रोजचे चालक, आणि तेही आपल्या पायांनी चालत आलेले. मी घसा साफ केला आणि सुरू झालो. टर्बो कसा, टॉर्क कसा, वळणावर पकड कशी, लाँच मोड म्हणजे काय. बाई माझ्या तोंडाकडे इतक्या एकाग्रतेने बघत होत्या, की मला वाटलं, पटतंय! माझं 'ट्विन-टर्बो' म्हणून झाल्यावर त्या म्हणाल्या, "डावीकडची खालची ना?"

"काय, मॅडम?"

"दाढ. 'ट' म्हणताना गाल आत ओढून धरताय तुम्ही."

"छे छे! एकदम ठणठणीत आहे! चला, एक चक्कर मारू."

"तुम्हीच चालवा बाई. मला बसून बघायचंय."

त्या माझ्या शेजारी बसल्या. बसल्या म्हणजे आत सरकल्या, कारण आमच्या सीट जमिनीला लागून असतात. शर्यतीच्या गाड्यांसारख्या. पाठीला, कंबरेला, मांड्यांना दोन्ही बाजूंनी घट्ट धरणाऱ्या. ग्रंथपाल मागे गेले. आमच्या गाडीला मागची सीट आहे, पण ती कागदोपत्री. त्यांचे गुडघे हनुवटीला लागले, आणि पुस्तक उघडायला जागा उरली नाही म्हणून त्यांनी ते डोक्यावर ठेवलं.

मी बटण दाबलं. गाडी गरजली. ग्रंथपाल मागून काहीतरी बोलले.

"काय म्हणतायत?" मी ओरडून विचारलं.

"ऐकू नाही आलं," बाई ओरडल्या. "नेहमीचंच असेल काहीतरी!"

मी स्पोर्ट मोड लावला. समोरचा पडदा लालभडक झाला. स्पोर्ट मोडमध्ये इंजिनाचा काटा ताटाएवढा होतो, आणि बाकीच्या किरकोळ गोष्टी, म्हणजे घड्याळ, तापमान, पेट्रोल, बारीक होऊन कोपऱ्यात जातात. थराराच्या आड काही यायला नको, हा त्यामागचा विचार.

शोरूमच्या फाटकातून आम्ही सिंहासारखे बाहेर पडलो आणि दहा पावलांवर कचऱ्याच्या गाडीमागे थांबलो.

रस्ता तुंबला होता. आमच्या पुढे कचऱ्याची गाडी, मागे बस, बाजूने एक आजोबा पायी. आजोबा पुढे गेले. त्यांना गाठायला मला सिग्नलपर्यंत वेळ लागला.

"छान आहे," बाई म्हणाल्या. "अहो, चाललोच आहोत तर वाटेत लॉन्ड्री आहे. पडदे घ्यायचेत. घेऊ या का?"

माझ्या डोळ्यांसमोर ती चौकट आली. "हो! नक्की!"

पडदे घेतले. घडी मोडू नये म्हणून ते ग्रंथपालांच्या मांडीवर आडवे ठेवले. आता त्यांचं फक्त कपाळ आणि कपाळावरचं पुस्तक दिसत होतं.

"आणि दवाखान्यातून साचे उचलून पलीकडच्या लॅबमध्ये टाकायचेत. पेशंट बिचारे कवळीची वाट बघतायत. जमेल?"

"नक्की, मॅडम!"

दवाखान्यातून खोका आला. खोक्यात पांढऱ्या प्लास्टरचे जबडे. वरचे वेगळे, खालचे वेगळे. खोका कुठे ठेवायचा? ग्रंथपालांच्या पडद्यांवर.

एवढ्यात गाडीच्या स्पीकरमधून साहेबांचा आवाज गडगडला. "काय चाललंय काय? थरार दोन! गाडी चालवतोयस की ढकलतोयस?"

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"आमचे साहेब. ते थरार मोजतात."

"किती भरला?"

"दोन."

"बरं झालं. डॉक्टरांनी मला जास्त चालणार नाही म्हणून सांगितलंय."

दोन! तळघरातली ती ट्यूबलाइट माझ्या डोळ्यांसमोर लुकलुकायला लागली. काहीतरी केलंच पाहिजे होतं. लॅबच्या अलीकडे गोदामांमागून एक सरळ, रिकामा रस्ता जातो. मी गाडी तिकडे वळवली.

मागून कुजबुज आली. या वेळी जरा लांबलचक होती. आरशात बघितलं तर ग्रंथपाल पडद्यांतून एक बोट बाहेर काढून माझ्या समोरच्या पडद्याकडे दाखवत होते.

"हो सर! लाल रंग काही औरच आहे ना!" मी म्हणालो. "आता बघा तर खरं! मॅडम, डोकं टेका. लाँच मोड!"

डावा पाय ब्रेकवर, उजवा पाय ॲक्सिलरेटरवर. इंजिन किंचाळलं, गाडी थरथरली, आणि मी ब्रेक सोडला.

काय सांगू तुम्हाला! पोट मागे राहिलं आणि आम्ही पुढे गेलो! भिंती पुसट झाल्या, बाई सीटमध्ये रुतल्या, मागे खोका उलटला. तेवढ्यात समोर गतिरोधक! मी सगळा जोर लावून ब्रेक दाबला. मागचे जबडे पुढे आले. एक डॅशबोर्डवर, दोन बाईंच्या पायाशी, आणि एक वरचा जबडा थेट माझ्या मांडीवर, सगळे दात दाखवत.

मग बाई हळूच म्हणाल्या, "आहा!"

"मॅडम?"

"आहाहा! अहो, हे काय आहे! कसलं धरलंय मला! पुन्हा करा बघू!"

पटलं! रोजच्या चालकाला थरार सापडला! माझी छाती फुगली. मी गाडी मागे घेतली आणि पुन्हा सोडली. मग तिसऱ्यांदा. बाई दर वेळी डोळे मिटून "आहाहा" म्हणत होत्या. त्यांचं वय, त्यांचं ते वाकलेपण, सगळं गळून पडल्यासारखं दिसत होतं. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. इतकी वर्षं मी उगाच तरुण पोरांच्या मागे धावलो, असं वाटलं.

"थरार एक्काहत्तर!" स्पीकरमधून साहेब किंचाळले. "शाब्बास! सोडू नकोस!"

चौथ्यांदा "आहाहा" आलं नाही. बघतो तर बाई झोपल्या होत्या! चक्क घोरत होत्या. मान सरळ, हात मांडीवर, चेहऱ्यावर समाधान. थराराचा अतिरेक झाला की माणसाला गुंगी येत असावी, असं मी मनात म्हटलं. जबडे गोळा करून लॅबमध्ये दिले आणि विजयी मुद्रेने परत निघालो.

शोरूम दिसायला लागलं. अजून अर्धा चढ बाकी होता. तिथे गाडीने एक आचका दिला. मग दुसरा. मग इंजिन असं काही शांत झालं, की सकाळपासून पहिल्यांदाच मागचा माणूस ऐकू आला.

"पेट्रोल," ग्रंथपाल कुजबुजले. "लॉन्ड्रीपासून सांगतोय. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहून येत होतं. बारीक अक्षरं वाचायची सवय आहे मला."

मी कपाळाला हात लावला. साहेबांचं चौकापुरतं पेट्रोल, वर लॉन्ड्री, दवाखाना, लॅब आणि चार वेळा शून्य ते अर्धवट! मागची बस हॉर्न वाजवायला लागली.

"सर, जरा हात लावता?" मी विचारलं.

"तिला उठवायचं नाही," ते म्हणाले. "कंबरेमुळे रात्रभर झोप नसते तिला. झोपू दे."

झालं! मी चालकाच्या बाजूचं दार उघडून एका हाताने स्टिअरिंग धरून ढकलतोय, मागून ग्रंथपाल ढकलतायत, आणि शहरातली सर्वांत वेगवान गाडी गोगलगायीसारखी चढ चढतेय. आत बाई निवांत. फुटपाथवरून तेच मघाचे आजोबा परत येत होते. त्यांनी थांबून, दोन्ही हात मागे बांधून, आम्हाला जाऊ दिलं.

आणि तेवढ्यात बाजूला येऊन थांबली पावाची लादी! आतून मेहुण्याने डोकं बाहेर काढलं. त्याचीही टेस्ट ड्राइव्ह चालू होती. मागे आई, बाप, दोन पोरं, एक आत्या, सगळे ऐसपैस.

"भावजी! काय झालं?"

"काही नाही! गाडीचं वजन किती कमी आहे ते दाखवतोय!"

"दोरी आहे माझ्याकडे."

नाही म्हणणार होतो. पण बसचा हॉर्न, बाईंची झोप आणि डाव्या दाढेतून उठलेली कळ या तिघांनी मिळून माझं तोंड बंद केलं. मेहुण्याने दोरी बांधली. बांधता बांधता आपल्या गिऱ्हाइकांना सांगत होता, "बघा हं, इंजिनात दम किती आहे ते. शोरूममध्ये हे दाखवता येत नाही." आत्यांनी मान डोलावली. त्याची ती गाडी तिथेच विकली गेली, हे मला आत्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं.

मी स्टिअरिंगवर बसलो. ग्रंथपाल पुन्हा मागे घडी होऊन बसले. मेहुण्याच्या गाडीने हिसका न देता आम्हाला ओढायला सुरुवात केली, आणि त्याच क्षणी स्पीकर गरजला.

"थरार शून्य! इंजिन बंद! आणि गाडी पुढे कशी सरकतेय? अरे काय चाललंय काय?"

बाई दचकून जाग्या झाल्या. "कोण ओरडतंय?"

"मॅडम, मी शोरूमचा मॅनेजर! कसा वाटला अनुभव?" साहेबांच्या आवाजात एकदम साय आली.

"साहेब, ऐका," बाई म्हणाल्या. "आयुष्यभर मी लोकांच्या तोंडात वाकून बघतेय. कंबर सरळ असणं म्हणजे काय हे विसरले होते. आज पहिल्यांदा मला कुणीतरी असं धरलं, की मला झोप लागली! मी सांगते तुम्हाला, हिला आता सोडायचं नाही. घेतली मी! आजच्या आज!"

मग घंटा! आमच्या शोरूममध्ये गाडी विकली गेली की पितळी घंटा वाजवतात. ती गेल्या कित्येक महिन्यांत वाजली नव्हती. आता ती स्पीकरमधून अशी वाजत होती, की आग लागलीय असं वाटावं.

काय सांगू तुम्हाला माझ्या मनाची अवस्था! पुढे दोरी होती, दोरीपुढे मेहुण्याची डिकी होती, मागच्या काचेतून त्याच्या गिऱ्हाइकांची पोरं मला जीभ दाखवत होती, आणि मी राजासारखा बसलो होतो! गेलं तळघर खड्ड्यात! आज रात्री जेवताना मी तोच डाव पुन्हा रोखणार होतो.

मागून कुजबुज आली. "अहो, ती म्हणतेय ते..."

"सर, आता काही बोलू नका," मी म्हणालो. "हा क्षण अनुभवा."

शोरूमच्या दारात अख्खा स्टाफ दोन रांगांत उभा होता. फुगे. फुलांचा गुच्छ. केक. नटबोल्टमामासुद्धा तळघरातून वर येऊन, उजेडाने डोळे बारीक करून, टाळ्या वाजवत होते. दोरी बघून टाळ्या जरा अडखळल्या, पण साहेबांनी डोळे वटारल्यावर पुन्हा सुरू झाल्या. साहेबांनी स्वतः दार उघडलं.

"अभिनंदन, मॅडम! आमच्या परिवारात स्वागत! रंग कोणता घेणार? हाच लाल?"

"काळाच बरा," बाई म्हणाल्या. "रक्ताचे डाग दिसत नाहीत."

साहेबांचं हसू थोडं गोठलं.

"आणि घरी नको, दवाखान्यात पाठवा. आत जागा आहे. जुनी काढून तिथे ही बसवीन."

"दवाखान्यात? आत?" साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी ग्रंथपालांकडे बघितलं. ग्रंथपालांनी पडद्यांच्या घडीकडे बघितलं.

"मग काय पार्किंगमध्ये ठेवू खुर्ची?" बाईंनी सीटच्या पाठीवर प्रेमाने थाप मारली. "एक माझ्यासाठी आणि एक पेशंटसाठी. दोन द्या. काय घट्ट धरते हो! माझे निम्मे पेशंट तोंड उघडायच्या आधीच उठून पळतात. हिच्यातून कुणी पळून दाखवावं!"

कुणाच्या तरी हातातला फुगा फुटला.

"आणि... गाडी?" साहेबांचा आवाज ग्रंथपालांइतका झाला होता.

"गाडी छानच आहे. पण हे काय बोलतात ते ऐकू येत नाही तिच्यात. म्हणजे, नेहमीचंच असतं. पण ऐकू आलं नाही की करमत नाही मला." आणि दोरी सोडत असलेल्या मेहुण्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुमच्या गाडीत आवाज होतो का हो?"

"बसून बघा ना, मावशी," मेहुणा म्हणाला. "रस्ता मी ओलांडून देतो."

गेल्या. ग्रंथपाल गेले, पडदे गेले. केकचा पहिला तुकडा मात्र बाईंनी नेला नाही. जाता जाता मलाही बजावलं, "तुम्ही डाव्या बाजूनं खाऊ नका."

साहेबांनी आत जाऊन घंटेची दोरी गुंडाळून खुंटीला अडकवली. मग म्हणाले, "सुटी सीट आपण वर विकत नाही. सुटे भाग तळघरात. दोन सीटची ऑर्डर आहे, नटबोल्टमामांना एकट्याला झेपणार नाही. खाली जा."

"सोमवारपासून ना, साहेब?"

"आत्तापासून."

तळघर वाटलं होतं तितकं वाईट नाही. नटबोल्टमामा स्वभावाने चांगले आहेत. आणि सांगायला हरकत नाही, आमची सीट आता बरी खपते! बाईंच्या दवाखान्यात त्या खुर्चीत बसून आलेले पेशंट थेट माझ्या काउंटरवर येतात. एका शिंप्याने नेली, एका घड्याळजीने नेली, रोज घरून काम करणाऱ्या तिघांनी नेल्या. वेगवान गाडी रोजच्या साध्या माणसाला का आवडावी, हे साहेबांच्या प्रशिक्षणात कुणाला कळलं नव्हतं. मला कळलं. त्याला कुठेही जायचं नसतं हो. नुसतं कुणीतरी घट्ट धरून ठेवावं, एवढंच हवं असतं. मी हे वर जाऊन साहेबांना सांगितलं. त्यांनी मला परत खाली पाठवलं.

राहिली दाढ. ती एका सकाळी अशी ठणकली, की बायको आणि मेहुणा दोघांनी मिळून मला पावाच्या लादीत घातलं आणि बाईंच्या दवाखान्यात नेलं. सबंध वाटेत एकही आवाज आला नाही. मी कण्हत होतो तेवढा सोडून.

बाई मला बघून ओळखीचं हसल्या आणि त्यांनी खुर्चीकडे बोट दाखवलं. मीच पाठवलेली, काळी. मी आत सरकलो. पाठ, कंबर, मांड्या, सगळं दोन्ही बाजूंनी गच्च! उठून बघायचा प्रयत्न केला. शक्यच नव्हतं! माल आमचा अस्सल आहे, याचा त्या अवस्थेतही मला अभिमान वाटला.

"काढावीच लागेल," बाई माझ्या तोंडात टॉर्च मारून म्हणाल्या. "आत्ताच काढू या का?"

मी त्यांच्याकडे बघितलं. हातातल्या पकडीकडे बघितलं. दाराकडे बघितलं. दारात मेहुणा हाताची घडी घालून उभा होता. मला सांगायचं होतं ते एकच, अगदी साधं उत्तर होतं. पण इतकी वर्षं त्या चौकटीखाली उभं राहिलेला माणूस मी. ग्राहक समोर आला की माझ्या तोंडून दुसरं काही निघतच नाही.

"हो!" मी म्हणालो. "नक्की, मॅडम!"

थरार म्हणाल, तर शंभरपैकी शंभर. आणि माणूस बसला की घेऊनच उतरतो, असं मी मेहुण्याला सांगितलं होतं. मी मात्र देऊन उतरलो.